आधी भिंतीची विचारपूस

गुल्हानेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करतात, मग माणसांची. दारावरची बेल ते वाजवत नाहीत. बेलच्या वीतभर डावीकडे, मधल्या बोटाचं पेर वाकवून भिंतीवर दोनदा टकटक करतात, कान लावतात, आणि आतल्या माणसाने दार उघडलंच तर त्याच्याकडे पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहतात. "पोकळ आहे," ते हळू आवाजात सांगतात. आम्ही या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडावर हे सांगितलं, तेव्हा ते माझ्याबद्दलच आहे असं समजून मी आत जाऊन अनघाला सांगितलं. बायको म्हणाली, "ओळख नसताना एवढं अचूक?"

पोकळ होतं ते प्लास्टर. ते पुढे कळलं. माझ्याबद्दलचा खुलासा मात्र आजवर कोणी केलेला नाही.

काका मूळ अमरावतीचे. भोसरीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांची निम्मी हयात गेली. समोरून भाग सरकत यायचे आणि काका प्रत्येकाला तीनपैकी एक शब्द ऐकवायचे: पास, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर भाग थांबले, शब्द थांबले नाहीत. आमची लिफ्ट रिवर्क आहे. पावसाळ्यानंतरचे रस्ते रिजेक्ट. माझं गाणं त्यांनी गणपतीत एकदाच ऐकलं आणि निकाल न देता उठून गेले. 'पास' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून आमच्या सोसायटीत कोणीही ऐकलेला नव्हता.

पुण्यात येऊन त्यांना सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पुण्याला त्यांच्या भाषेत एकही दुरुस्ती करता आली नाही. उलट आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीतली निम्मी माणसं जिन्यात भेटल्यावर एकमेकांना "काय करून राहिले?" असं विचारायला लागली आहेत.

सत्यनारायणाला बोलावलं, तर हा माणूस एका हातात प्रसादाचा द्रोण धरून बाथरूममध्ये जातो, नळाखाली दुसऱ्या हाताचं बोट धरतो आणि घड्याळात पाहतो. "मिनिटाले अकरा थेंब," बाहेर येऊन सांगतात. "रिवर्क." मग प्रसाद खातात. चौथ्या मजल्यावर एकांचे वडील गेले तेव्हा काका सांत्वनाला गेले. सगळे माना खाली घालून बसले होते. काकांचीही मान खाली होती, पण नजर फरशीवर. थोड्या वेळाने ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खिडकीखालच्या दोन फरश्या उचलून राहिल्या." मुलगा उठला, पाहून आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. निदान करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष नेनेबाई. गणिताच्या शिक्षिका होत्या. अजूनही जिन्यात समोर आल्या की आपला गृहपाठ राहिला आहे असं वाटतं. त्यांच्या भाचीसाठी मुलगा पाहायला जायचं होतं, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून काकांना बरोबर नेलं. बाकीच्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं. काका पोह्यांची बशी घेऊन कपाटामागे गेले. परत येताना रिक्षात म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण बाथरूमबाहेरची भिंत दोन वर्षांपासून ओली आहे. रोज तिथूनच जाते तो. दोन वर्षं जो ओल पाहून न पाहिल्यासारखं करते, त्याले बायकोचं दुखणं दिसन?"

नेनेबाईंनी हे शब्द जसेच्या तसे पलीकडे पोचवले. त्यांच्यात मधल्यामध्ये साखर घालायची पद्धत नाही. आठ दिवसांत मुलाने भिंत दुरुस्त करून फोटो पाठवला. लग्न झालं. नेनेबाई म्हणाल्या, "खरं तर मानाचा नारळ प्लंबरला द्यायला हवा होता."

तर असे काका, आणि असा मी. मी म्हणजे लिमये, पहिला मजला, सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीत सेक्रेटरी कोण होतो, तर ज्या मीटिंगमध्ये निवड असते तिला जो उशिरा पोचतो तो. मी पोचलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. कोणाचं तरी अभिनंदन चाललंय असं समजून मीही वाजवल्या.

सेक्रेटरी झाल्यावर दोनच महिन्यांत पार्किंगचं छत ठिबकायला लागलं. आणि ठिबकलं ते नेमकं नेनेबाईंच्या पांढऱ्या स्कूटरवर. त्यांनी मला खाली बोलावलं. सीटवर एक थेंब पडला. आम्ही दोघांनी तो पाहिला. दुसरा पडला.

"लिमये," त्या म्हणाल्या, "तिसऱ्याची वाट पाहायची की तुम्हाला पॅटर्न कळला?"

मी विचार केला. विचार करणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत महागडा छंद आहे. सोळा घरं, त्यांतली सहा भाड्याची. मालक काही स्वतःचं घर गळू देणार नाही. म्हणजे गळती भाडेकरूंची. निष्कर्ष इतका सरळ होता की तो खरा आहे का हे पाहण्यासाठी जिना चढायची गरज वाटली नाही. मी थेट फलकावर सूचना लावली: 'घर भाड्याचे असले तरी इमारत भाड्याची नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' हे वाक्य मला इतकं आवडलं की येता-जाता थांबून मी ते स्वतःच वाचत असे.

सूचनेने भागेना, म्हणून मी पुढच्या मीटिंगसाठी ठराव लिहिला. यापुढे कोणत्याही भाडेकरूला तीन वर्षांहून जास्त ठेवू नये, आणि आधीच जास्त राहिलेल्यांनी दिवाळीपूर्वी घर सोडावं. नेनेबाईंनी तो वाचून परत दिला. "कायद्यात बसतं का ते पाहिलंत?" मी म्हणालो, "पाहतो." "अनुमोदक?" मी म्हणालो, "आणतो."

अनुमोदक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. ज्याला इमारतीतला प्रत्येक पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो ते पाठ आहे, जो गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलं तर झोपेतून उठतो, ज्याच्या दारावर पितळी पाटी आरशासारखी चमकते, त्याच्याइतका अस्सल घरमालक कर्वेनगरात दुसरा सापडला नसता. मीटिंगला ते कधी येत नसत. मला तो त्यांचा शहाणपणा वाटायचा.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकांनी दारातच चहा दिला. मी ठराव खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मी भाडेकरू आहो ना जी."

"कोण?"

"मी. सत्तावीस वर्षं झाले."

सभासदांचं रजिस्टर माझ्या घरी होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं; त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. काका मीटिंगला येत नव्हते, कारण त्यांना बोलावणंच जात नव्हतं. त्यांच्याच घरातून त्यांना काढायच्या कागदावर मी त्यांचीच सही मागत होतो, आणि वर त्यांचाच चहा पीत होतो. चहा उत्तम होता. ते मला अजून आठवतं, याची लाज वाटते.

"पण काका," मी सावरायला गेलो, "कर्वेनगरात घरांना काय तोटा? दुसरं याच्याहून चांगलं मिळेल."

"मिळन. चांगलं मिळन." त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. "हे नाही मिळणार. मालक ठाण्याले राहते. भला माणूस आहे. पण म्हणते, सोसायटीचं लफडं झालं तर मी विकून मोकळा होतो." मग एकदम त्यांचा आवाज कारखान्यातला झाला. "तुम्हाले कोणी सांगितलं, भाड्याचं घर जास्त खराब असते?"

"सगळ्यांना माहीत असतं ते."

"माहीत असते का मोजलं? मोजू. सोळाच्या सोळा घरं. भाड्याची जास्त खराब निघाली, तर मी बिनबोभाट दिवाळीच्या आत जातो. मालकांची निघाली, तर तुम्ही ठराव फाडा."

मी हो म्हणालो. माझं स्वतःचं घर त्या सोळांत येतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी काका पूर्ण तयारीनिशी उतरले. खिशात टॉर्च, कानावर पेन्सिल, हातात पितळी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, आणि एका छोट्या डबीत कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला लोखंडी छर्रा. हा छर्रा फरशीवर ठेवायचा; घरंगळला तर फरशीला उतार. नेनेबाई निःपक्ष निरीक्षक, मी लेखनिक. प्रत्येक घराला शंभर गुण. ठिबकणारा नळ, ओल, न लागणारं दार, प्रत्येकाला एक गुण कमी. आणि खिळ्याला एक.

"खिळ्याला कशाला?" मी विचारलं.

"खिळा म्हणजे भिंतीले दिलेली जखम. काढला तरी भोक राहते."

चौथ्या मजल्यावर एका मालकांच्या घरी छताला पीओपीची कमळं होती, मध्ये निळे दिवे. काकांनी झाडूचा दांडा एका कमळाला हलकेच लावला. ओल्या प्लास्टरचा एक गोळा, एक पाल आणि बरंच पाणी खाली आलं.

"हे डिझाइन आहे," मालक म्हणाले.

"पाल पण?" नेनेबाईंनी विचारलं. "छान जमलीये."

दुसऱ्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहत होत्या. तिघी आयटीतल्या, एक यवतमाळची. माझा सगळा संशय याच घरावर होता, म्हणून मी पेन्सिलीला नव्याने टोक काढलं. आत गेलो तर काय, भिंतीवर एक खिळा नाही. कपडे दोरीवर, दोरी खिडकीच्या गजाला, फोटो टेपने दारावर. ठिबकणाऱ्या नळाला केसांचं रबर घट्ट बांधलेलं. न लागणाऱ्या दाराखाली घडी घातलेला पुठ्ठा. मालकाला पाठवलेल्या विनंतीच्या मेल एका फाइलमध्ये क्रमवार.

"काका, आमचा ओनर म्हणतो वॉलला टच करायचं नाही," यवतमाळची म्हणाली. "सो आम्ही वॉलशी बोलतच नाही."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू नातीचा निकाल लागला. "कोणाची आहेस तू बाप्पा?" म्हणून त्यांनी बसकण मारली, नळ खोलला, खिशातून वॉशर काढून बसवला आणि रबर धुऊन तिच्या हातात दिलं.

दुपारपर्यंत तक्ता बहुतेक भरला. भाड्याच्या घरांतले नळ जुने, वायरी जुन्या, दारं फुगलेली, पण जे बिघडलं होतं ते सगळं डोळ्यांसमोर होतं; कोणी तरी ते रोज पाहत होतं आणि कोणाला तरी सांगत होतं. मालकांच्या घरी सगळं चकचकीत, आणि चकचकीताच्या आत पाणी. "भाड्याच्या घराचं दुखणं उघड्यावर," काका म्हणाले. "त्याले औषध हवं आहे, मालक देत नाही. मालकाच्या घराचं दुखणं छताच्या आत. त्याचा मालक तो स्वतःच, तरी देत नाही. 'आपलंच तर आहे, करू कधीतरी.' या 'करू'नं जेवढी घरं पाडली ना साहेब, तेवढी भूकंपानं नसतील पाडली."

मग आम्ही माझ्या दारात आलो. टकटक. "पोकळ," काका म्हणाले. आतून अनघा म्हणाली, "ते घरात नाहीत, तुमच्याबरोबर आहेत."

मी हसत हसत सगळ्यांना आत नेलं. काकांनी छर्रा हॉलच्या मध्यभागी ठेवला. तो क्षणभर थांबला, त्याने चोहीकडे पाहिलं असं मला वाटलं, आणि मग ज्या वेगाने सोफ्याखाली गेला, तो वेग मी आमच्या घरात कोणाचा पाहिला नव्हता. त्याला बाहेर काढायला मी आडवा झालो. छर्रा मिळाला, शिवाय एक चमचा, दोन पेनं आणि जो हरवल्याचा आळ मी अनघावर घेतला होता तो माझा चष्मा मिळाला.

पॅसेजमध्ये माझा एक मोठा फ्रेम केलेला फोटो आहे. ऑफिसच्या निरोपसमारंभातला, गळ्यात हार. काकांनी त्याच्या काठाला नाक लावलं. "हा फोटो इथंच काऊन लावला?"

"उजेड चांगला येतो."

"इथं उजेड कुठं आहे?" नेनेबाई म्हणाल्या.

काकांनी फोटो उचलला. मागे ओल होती. नुसता डाग नाही, चांगला तालुक्याएवढा प्रदेश होता, त्याला नद्या होत्या, आणि खालच्या अंगाला कसलासा हिरवा कोंब फुटला होता. अनघा म्हणाली, "तरी मी म्हणत होते, यांच्या फोटोला वास येतो."

भिंतीपलीकडे बाथरूम. तिथल्या फरशीच्या सांध्यांत मागच्या वर्षी मी स्वतः व्हाइट सिमेंट भरलं होतं. प्लंबर कशाला, मोबाइलवर व्हिडिओ आहे, असं म्हणून भरलं होतं. व्हिडिओतला माणूस हिंदीत फार भराभर बोलत होता, त्यामुळे अर्धी कृती मी अंदाजाने केली होती. काका गुडघ्यांवर बसून त्या सांध्यांकडे पाहत राहिले. मग अनघाला म्हणाले, "वहिनी, नीळ आहे का घरात?"

बादलीभर पाण्यात नीळ घातली, ती बाथरूमच्या फरशीवर ओतली, आणि आम्ही सगळे चहाला बसलो. मी दुसरा कप घेतला. आत कुठेतरी मला खात्री होती की ते पाणी माझी बाजू घेईल. थोड्या वेळाने नेनेबाई उठल्या आणि खाली गेल्या. दोन मिनिटांनी माझा फोन वाजला.

"लिमये," आवाज अगदी शांत होता, "स्कूटर घेताना मी पांढरा रंग निवडला होता."

मी खाली धावलो. माझ्याच बाथरूमच्या बरोबर खाली, नेनेबाईंच्या स्कूटरच्या सीटवर, एकामागून एक, सुंदर आकाशी थेंब पडत होते. फलक तिथेच शेजारी होता. 'याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' संबंधिताने नोंद घेतली. मी सूचना काढायला हात वर केला, तेवढ्यात नेनेबाई म्हणाल्या, "राहू द्या. वाक्य चांगलं आहे. फक्त खाली तुमच्या फ्लॅटचा नंबर टाका."

माझ्या घराला एकसष्ट गुण मिळाले. पुढे नंबर लागला तो सोळांत सोळावा. काकांनी तक्त्यावर 'रिजेक्ट' लिहिलं, मग अनघाकडे पाहून ते खोडलं आणि 'रिवर्क' केलं.

शेवटी काकांचं घर राहिलं. ते स्वतः तपासणारे, म्हणून तिथे तपासायचं आम्ही दोघांनी. काका दाराबाहेर उभे राहिले, परीक्षेच्या वर्गाबाहेर पालक उभे राहतात तसे.

मी आजवर दारातच चहा घेऊन परतलो होतो; आत पहिल्यांदाच जात होतो. ते घर मी विसरणार नाही. खुर्च्यांच्या पायांना जुन्या मोज्यांचे बूट. घड्याळ फ्रिजवर. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. काकांच्या पत्नीचा, सुनंदाकाकूंचा, फोटो भिंतीवर नाही, तर खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत पाठीला टेकवून ठेवलेला, समोर एक जास्वंद. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. फोटोत त्या अशा बसल्या होत्या, जणू आत्ता उठून विचारतील, कोण आलंय. घरात शिरताना मालकांनी एकच अट घातली होती, की भिंतीला खिळा मारायचा नाही. काकांनी ती अट सत्तावीस वर्षं पाळली होती.

मी छर्रा हॉलच्या मध्यभागी ठेवला. हलला नाही. नळांखाली बोट धरलं. कोरडं. भिंतींवर टकटक केलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण आवाज भरीव होता. नेनेबाईंनी कपाटामागे टॉर्च मारला आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे काही सापडलं नाही.

"शंभर," मी लिहायला घेतलं.

"थांबा," दारातून काका म्हणाले. "स्वयंपाकघर झालं का? दरवाज्यामागं पाहा."

मी स्वयंपाकघराचं दार पुढे ओढलं. मागच्या भिंतीत, खांद्याच्या उंचीवर, एक खिळा होता. वाकडा. हातोडीचे दोन घाव भिंतीवर बसले होते, तिसरा खिळ्यावर तिरका. त्याला कापडी पिशवी अडकवलेली, धुऊन धुऊन विटलेली, बंदांना गाठ मारलेली.

काका आत आले. "आमच्या सुनंदानं मारला. मी ड्यूटीवर असताना. रविवारी मंडईत जायची ना ती, तर पिशवी ऐन वेळी सापडत नसे. मी आलो, पाहिलं, आणि दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. म्हटलं, परक्याच्या भिंतीले भोक पाडलं. ती म्हणाली, 'अहो, एका खिळ्यापुरतं तरी आपलं असू द्या की घर.'" ते जरा हसले. "वाकडा मारला. मी मारला असता तर सरळ गेला असता."

 मला गप्प बसणं जमत नाही, म्हणून मी म्हणालो, "काका, समजा उद्या घर बदलावं लागलं असतं, तरी खिळा काढून नेता आला असता की. पिशवीसकट."

"खिळा नेला असता हो," काका म्हणाले. "भोक कसं नेलं असतं?"

नेनेबाई खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ होता.

"लिहा," काकांनी मला पेन्सिल दाखवली. "खिळा एक. नव्व्याण्णव."

मी नव्व्याण्णव लिहिलं.

मीटिंगमध्ये मी उभं राहून ठराव मागे घेतला. तक्ता वाचून दाखवला. माझे गुण नेनेबाईंनी दोनदा वाचायला लावले, मागच्यांना ऐकू गेले नाहीत म्हणून. भाडेकरूंना यापुढे मीटिंगला बोलवायचं असं ठरलं. काका पहिल्यांदाच आले होते. शेवटच्या रांगेत बसून पाठीमागे हात नेऊन हॉलची भिंत बोटाने वाजवत होते. माझ्या बाथरूमची फरशी पुढच्या आठवड्यात पूर्ण उखडली. नेनेबाईंची स्कूटर अजून एका बाजूने निळसर आहे. त्या ती पुसू देत नाहीत.

तो तक्ता कोणीतरी ठाण्याला पाठवला. काकांच्या मालकांना आपलंच घर इमारतीत पहिलं आलेलं पाहून इतका आनंद झाला, की सत्तावीस वर्षांत न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली. त्यांनी रंगारी पाठवला.

त्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. मी दार उघडलं तर काका. त्यांनी बेल वाजवली होती. भिंतीला हात लावला नव्हता. मला काळजी वाटली.

"दोन तास मोकळे आहात का?" ते म्हणाले. "मले डोळे तपासायले जायचं आहे, मागची तारीखही चुकली होती. आणि तो रंगारी येऊन राहिला. तो काही वाईट माणूस नाही, पण त्याच्या हातात पुट्टी असते." मग म्हणाले, "भोक दिसलं की भरते तो."

मी गेलो. स्वयंपाकघरात दार ओढून घेतलं, स्टूल ठेवलं आणि खिळ्यासमोर भिंतीला पाठ लावून बसलो. मानेला पिशवीचा बंद लागत होता. रंगारी हॉल करून आत आला, चारी भिंतींना पुट्टी लावत लावत माझ्यापर्यंत पोचला आणि थांबला.

"काका," तो मला म्हणाला, "जरा उठा. हा खिळा वाकडा आहे. उपटतो, दोन मिनिटांत भिंत प्लेन."

"नको."

"अहो, सगळ्या घरात एवढाच डाग आहे. मालक म्हणतील काम नीट केलं नाही."

"याची तपासणी झाली आहे," मी म्हणालो. शब्द काकांचा, उसना घेतलेला. "हा पास आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मनात माझाही निकाल लावला असावा, आणि खिळ्याभोवती तळहाताएवढी जागा सोडून पुढे सरकला.

काका अकराच्या सुमाराला आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे हाताने चाचपडत. हॉलच्या पुट्टीने पांढऱ्या झालेल्या भिंतींकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आले. मी स्टूलवरून उठलो. त्यांनी पिशवी जराशी बाजूला केली, खिळ्याच्या शेजारी, पुट्टी न लागलेल्या जागेत, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि कान लावून उभे राहिले. 

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कसे आहात साहेब? चहा ठेवू?"